पगाराचा डेटा देण्याआधी व्हेंडर तपासले, त्याचा अनुभव

पगाराचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं आणि व्हेंडरची प्रायव्हसी तपासायचं काम माझ्याकडे आलं. बँक खाती, पत्ते, आजारपणाच्या रजा, सगळ्या सहकाऱ्यांचं सगळं बाहेर जाणार होतं. म्हणून मी ते मनावर घेतलं.

सुरुवातीला चुकलोच. ईमेलवाले, क्लाउड स्टोरेजवाले, पगारवाले, सगळ्यांना एकाच शीटमध्ये गुण दिले. पगारवाले तळाला गेले, पण त्यातून काही कळेना. कर आणि हिशेबाच्या कायद्यांमुळे पगाराच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवाव्या लागतात, ईमेलवाल्यांचं तसं नसतं. ती शीट बाजूला ठेवली आणि पगाराच्याच धंद्यातले चार व्हेंडर शेजारीशेजारी मांडले.

चौघांच्याही वेबसाइटवर एसओसी २ चा, म्हणजे बाहेरच्या ऑडिटरने कंपनीची डेटा-सुरक्षेची नियंत्रणं तपासून दिलेल्या रिपोर्टचा, उल्लेख होता. एनडीएवर (गोपनीयतेच्या करारावर) सह्या करून रिपोर्ट मागवले, तर एकाचा टाइप १ निघाला. म्हणजे एका ठरावीक तारखेला नियंत्रणं नीट आखलेली होती, इतकंच. ती पुढे काही महिने खरोखर पाळली गेली का, हे टाइप २ मध्ये तपासतात. दुसऱ्याचा टाइप २ होता, पण तपासणी फक्त सिक्युरिटीची. एसओसी २ मध्ये प्रायव्हसीचा निकष ऐच्छिक असतो आणि त्यांनी तो घेतलाच नव्हता. रिपोर्टची व्याप्ती वाचल्याशिवाय हे कळत नाही.

खरी ओढाताण करारातल्या डेटा पुसण्याच्या कलमावर झाली. आम्हाला पसंत पडलेला व्हेंडर म्हणाला, "बॅकअपमधून कधी जाईल याची मुदत या धंद्यात कुणीच देत नाही." माझ्यासमोर इतर दोघांचे मसुदे होते. एकात ३५ दिवस, दुसऱ्यात ९०. नावं न घेता एवढंच म्हणालो, की मुदत देणारे आहेत. आठवड्याभरात ६० दिवसांचं कलम लिहून आलं.

डेटा फुटल्यास कळवण्याबद्दल त्यांनी "विनाविलंब" लिहिलं होतं. आमचे काही लोक युरोपात आहेत. जीडीपीआर या तिथल्या डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे आम्हाला कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला सांगावं लागतं, पण व्हेंडरने आम्हाला किती तासांत सांगायचं याचा आकडा त्यात नाही. तो करारातच घालावा लागतो. २४ तास घालून घेतले.

एक मुद्दा मात्र अजून अडलेला आहे. नवा सबप्रोसेसर (त्यांच्या वतीने आमचा डेटा हाताळणारी दुसरी कंपनी) घेताना ते आम्हाला ३० दिवस आधी कळवायला तयार आहेत, पण आम्ही हरकत घेतली तर करार मोडता येईल का, याचं उत्तर द्यायला तयार नाहीत. ते येईपर्यंत मी सहीची शिफारस केलेली नाही.