माझं डंजन, नोंद ६: अडलेलं दार

मी कॉम्प्युटरवर डंजनचा, म्हणजे भुताखेतांनी भरलेल्या तळघरातल्या भुलभुलैयाचा, खेळ लिहितोय. मागच्या नोंदीत त्यातली लढाई अर्धवट होती. आता आकडेमोड पुरी झालीय, पण गाडी अडली ती एका दारापाशी.

आधी आकडे. हिरोची ताकद मी ३ ते १८ मधला कुठलाही आकडा थेट उचलून ठरवत होतो. त्यामुळे एक हिरो पैलवान, तर दुसरा काडी पैलवान. शेवटी डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या १९७४च्या खेळाची मूळ पद्धत घेतली: तीन फासे, त्यांची बेरीज. १८ येतं २१६ मध्ये एकदा, १० किंवा ११ चारात एकदा. लगेच माणसं माणसांसारखी वाटायला लागली.

फटक्यासाठी थॅको ठेवला: समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे चिलखताचा आकडा, शून्य असेल तर फटका लागायला फाशावर किमान किती हवेत ते. बाल्डर्स गेट हा कॉम्प्युटर खेळ (१९९८) खेळलेल्यांना आठवेल. पहिल्या लेव्हलच्या योद्ध्याचा थॅको २०, समोरच्याचा आर्मर क्लास ५, म्हणजे २० वजा ५, वीस बाजूंच्या फाशावर किमान १५ हवेत. ३० टक्के. चिलखत चांगलं तर आकडा कमी, हे मला कायम उलटं वाटायचं. वजाबाकी स्वतः लिहिली तेव्हा पटलं.

आता दार. चाचणीत किल्ली खड्ड्यात पडली आणि खेळ तिथेच थांबला. टेबलावर कुणीतरी म्हणालं असतं, "मी कुऱ्हाडीनं बिजागरी तोडतो," आणि डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा माणूस, क्षणभर विचार करून म्हणाला असता, "टाक फासा." हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा), लेव्हल, आर्मर क्लास कॉम्प्युटरनं चटकन उचलले, १९७५ मध्येच विद्यापीठातल्या प्लेटो या कॉम्प्युटर यंत्रणेवर विद्यार्थी डंजनचे खेळ लिहीत होते. तो "टाक फासा" म्हणणारा माणूस मात्र उचलता येत नाही.

जुन्या कॉम्प्युटर खेळांनी त्याची जागा कशी भरली ते पाहत बसलो. 'रोग' (Rogue) नावाच्या खेळात (१९८०) वाट संपली की भिंत चाचपायची, चोरदार सापडतं. पूल ऑफ रेडियन्सची (१९८८) युक्ती मला सगळ्यात आवडते: वर्णनं छापील पुस्तिकेत, आणि खेळ सांगतो अमुक क्रमांकाची नोंद वाचा. त्यात काही नोंदी मुद्दाम खोट्या, म्हणजे आधीच डोकावणारा फसतो. डंजन मास्टरचा आवाज चक्क कागदावर! बाल्डर्स गेट ३ मध्ये (२०२३) तर फासाच पडद्यावर गडगडतो.

मी असं केलं: प्रत्येक दाराला मजबुतीचा आकडा. तोडायला वीस बाजूंचा फासा अधिक ताकदीचा बोनस. जमलं नाही तर आवाज होतो, आणि सहात एक शक्यता की भटकं भूत ऐकून येईल.

काल रात्री हिरोनं तिसऱ्या प्रयत्नात दार फोडलं. तोवर मागून दोन सांगाडे आलेले. तो आत धावला, दार लावायला वळला, पण फोडलेलं दार लागतंय कुठे! हा प्रसंग मी कोडमध्ये कुठेच लिहिला नव्हता. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पुढच्या नोंदीत मशाली.