ताप उतरल्यावर

कर्नाटकातील खानापूर तालुक्यात आरोग्य निरीक्षकाचे काम करताना तापाच्या रुग्णाला माझा पहिला प्रश्न असतो, 'कामाला कुठे होतास?' जांबोटी भागातील अनेक तरुण चोर्ला घाट उतरून गोव्यात बांधकामावर जातात. तेथे उघड्या टाक्यांत आणि स्लॅबवर भरून ठेवलेल्या पाण्यात मलेरिया पसरवणारे अ‍ॅनाफिलीस डास वाढतात, आणि मजूर झोपतातही त्याच इमारतीत.

एका जुलैत आशाताईंचा निरोप आला म्हणून गेलो, तर असाच एक तरुण वाकळेत कुडकुडत पडला होता. जागेवरच केलेल्या चाचणीत व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला. त्याच्या आईने पिशवीतून गोळ्यांचे अर्धवट पाकीट काढून दाखवले. मे महिन्यात गोव्यात ताप आला तेव्हाचे ते होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी तो कामावर गेला आणि गोळ्या राहिल्या.

क्लोरोक्विनने तीन दिवसांत रक्तातले जंतू मरतात, पण यकृतात दडून बसलेल्यांसाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावेच लागते. हा ताप जुन्या जंतूंचा की नव्या डासाचा, हे आमची कोणतीही चाचणी सांगत नाही. तो मात्र एवढेच म्हणाला, "साहेब, चौदा दिवस घरी बसलो तर मुकादम दुसरा माणूस घेईल." त्याचे म्हणणे खरे होते. 2030 पर्यंत देशातून मलेरिया हटवण्याचे उद्दिष्ट आहे, परंतु बुडणाऱ्या मजुरीसाठी आमच्या नोंदवहीत रकाना नाही. शिवाय आजाराची नोंद एका राज्यात आणि रुग्ण दुसऱ्या राज्यात असला, की उरलेल्या गोळ्यांची विचारपूस कोणीच करत नाही.

म्हणून मी मुकादमालाच फोन लावला. बऱ्याच बोलण्यानंतर ठरले, की पहिले तीन दिवस तो घरी राहील, उरलेल्या अकरा दिवसांची गोळी मुकादम रोज जेवणानंतर आपल्यासमोर देईल आणि आशाताई फोनवर खात्री करतील. लघवी काळपट झाली तर गोळी थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जायचे, हे मी दोघांनाही बजावले. घरातल्या सगळ्यांच्या रक्ताच्या काचपट्ट्या घेतल्या, शेजारच्या घरांतही तापाची चौकशी केली.

फोन ठेवता ठेवता मुकादम म्हणाला, त्याच इमारतीत आणखी दोघांना थंडी वाजून ताप येतो आहे. जागेचा पत्ता लिहून घेतला आणि संध्याकाळच्या आत गोव्यातील मलेरिया विभागाला कळवला.