तुम्ही विचारलंत म्हणून: मी नवीन काही का ऐकत नाही

आमच्या रविवारच्या बैठकीचा नियम साधा आहे. सध्या काय ऐकताय ते सांगायचं, त्यातलं पाच-सात मिनिटं वाजवून दाखवायचं, मग चहा. बाकीच्यांना "काय ऐकताय?" असं विचारतात. मला विचारतात, "आज तरी काही नवीन, की परत खरखरच?" सगळे हसतात, मीही हसते. अब्दुल करीम खाँसाहेब नाहीतर केसरबाई केरकर, अशा जुन्या काळच्या गवयांची रेकॉर्ड लावते आणि तीन मिनिटांत माझी पाळी संपते.

गेल्या वेळी चहा घेताना कुणीतरी बोलून गेलं की काकूंना १९४० च्या पुढचं संगीत संगीतच वाटत नाही. घरी भाचा तेच म्हणतो, फक्त जरा लाडाने. तेव्हा एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुन्हा विचारू नका.

मला जुन्याचं वेड नाही. रेकॉर्डवाल्यांची सगळ्यात जास्त टिंगल मीच केलेली आहे, हे तुमच्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. "रेकॉर्ड म्हणजे नुसतं पत्ता लिहिलेलं पाकीट, आत पत्र नाही," हे वाक्य माझंच. टपालखात्यात जन्म गेला, दुसरं काय सुचणार! समोर बसून तासभर मारवा राग ऐकलेल्या माणसाला तीन मिनिटांच्या चकतीत काय मिळणार, असं मी ठासून सांगत असे. त्यातलं निम्मं मला अजूनही खरं वाटतं. कुठलं निम्मं, ते मात्र दिवसागणिक बदलतं.

कारण कानांचं आहे.

माझा तानपुरा मिरजेचाच, आईने घेऊन दिलेला. मी काही गायिका नव्हे, पण सकाळी थोडा वेळ तानपुरा छेडत बसायची सवय जुनी. काही वर्षांपूर्वी तो बद्द वाजायला लागला. सुरात लागलेला असायचा, पण तारा छेडल्यावर मागून जो झणकार उठतो तो उठेना. म्हटलं, जवारी गेली. तारा घासून घासून घोडीवर, म्हणजे त्या टेकतात त्या पट्टीवर, खाच पडते आणि जवारी, म्हणजे झणकार देणारी तिची घडण, जाते, यात नवल काही नाही. रिक्षात घातला आणि सतारमेकर गल्लीत, वाद्यं करणाऱ्यांकडे नेला.

तिथल्या कारागीर चाचांनी घोडी निरखली, कानस फिरवली, तारा परत चढवल्या आणि तारेखाली सूत सरकवायला घेतलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घोडीचा माथा अगदी सपाट नसतो, किंचित उतरता असतो. तार त्यावर नुसती टेकलेली नसते, कंप पावताना त्या उताराला पुन्हा पुन्हा लागत राहते. तारेखालचं सूत केसभर पुढे, केसभर मागे करत गेलं की एका जागी आवाज एकदम खुलतो. ती एक जागा सापडवायची, एवढंच काम. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तरी ते या सूत सरकवणाऱ्या बोटांनाच मिळाल्यासारखं वाटलं.

तर चाचांनी सूत सरकवलं, तार छेडली आणि माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, अजून नाही. परत सरकवलं. अजून नाही. कोपऱ्यात पॉलिश करत बसलेल्या त्यांच्या मुलाने मान वर केली. चाचा म्हणाले, "ताई, खुली झाली की."

"बद्दच आहे, चाचा. पंचम बघा."

त्यांनी पंचम छेडला, मग जोडाच्या तारा, मग सगळ्यात खालचा खर्ज. खर्जातून उठणारा गंधार, तो तार नसताना आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार, मला स्वच्छ ऐकू येत होता. म्हणजे कान ठीकच असणार ना! हा युक्तिवाद मी तिथे चार माणसांत मोठ्याने केलासुद्धा. गंधार येतोय, झणकार येत नाही, म्हणजे दोष जवारीचाच. चाचांनी वाद घातला नाही. मुलाला म्हणाले, आतला नवा आण. कुणा गिऱ्हाइकासाठी तयार होऊन भिंतीला टेकवलेला तानपुरा होता, तो त्याने आणला, मांडी घालून माझ्यासमोर बसला आणि छेडला.

तोही बद्द.

तिसरा आणला नाही. चाचांनी माझ्याकडे न बघता सूत बोटाला गुंडाळलं आणि मुलाला चहा सांगायला पिटाळलं. तो गेल्यावर म्हणाले, "अब्बांचं पण असंच झालं होतं, ताई. साठीनंतर. मग ते तारेला बोट लावून जवारी बघायचे." मी पैसे काढले तर घेईनात. फारच आग्रह केला तेव्हा घोडी घासल्याचे घेतले. जवारीचे घेतले नाहीत, कारण जवारी चांगलीच होती.

परतताना रिक्षावाल्याने काहीतरी विचारलं, मी नुसतं "हो" म्हटलं. तसं "हो" मी आधीपासूनच म्हणत होते, हे नंतर लक्षात आलं.

पुढचं थोडक्यात. कान तपासायला काचेच्या खोलीत बसवतात, कानात शिट्ट्या वाजवतात, ऐकू आली की बटण दाबायचं. कागदावर आलेखाची रेघ आली. १००० हर्ट्झपर्यंत वयाच्या मानाने बरी, २००० पासून उतरण आणि ४००० च्या पुढे जवळजवळ काहीच नाही. आतल्या कानातल्या बारीक केसांच्या पेशी जातात, त्यातही उंच आवाज पकडणाऱ्या आधी जातात, आणि गेलेल्या परत येत नाहीत. माझा तानपुरा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत लावलेला. त्याच्या खर्जाची कंपनं सेकंदाला शंभराच्या थोडी वर आणि गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे पाचशेच्या आसपास. तो माझ्या कुंपणाच्या आत राहिला. झणकार हजारांच्या वरचा, तो गेला. बोलण्यातले स, श, फ हेही तिकडचेच रहिवासी, म्हणून अलीकडे तुम्ही सगळे मला पुटपुटल्यासारखे बोलता.

"मग यंत्र का नाही लावत?" लावते. आत्ताही कानात आहे, केसांखाली दिसत नाही इतकंच. एका कानाच्या पैशात मिरजेचा चांगला तानपुरा आला असता. बोलणं त्याने सुधारलं, बँकेत, दवाखान्यात निभतं. पण ही यंत्रं मुळात बोलणं ऐकायला केलेली. यंत्राचा आवाज त्याच्याच माइकमध्ये शिरला की शिट्टी वाजते, आणि ती मारायला आत बंदोबस्त असतो. एकच सूर लांबून येतोय असं दिसलं की यंत्र त्याला शिट्टी समजतं आणि उलटा आवाज सोडून कापायला धावतं. आता सांगा, तानपुरा म्हणजे दुसरं काय असतं? किंवा निषादावर थांबलेली गायिका? यंत्र त्या स्थिर सुराला थरथर जोडतं, शेजारी आपला एक नकली सूर उभा करतं. तपासणाऱ्या बाईंनी गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम करून दिला आहे, त्यात तो बंदोबस्त बंद असतो. फरक पडला, पुरेसा नाही.

आता त्या मुलीचं. यमन राग गात होती, आपल्याच बैठकीत, आणि मी विलंबित, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, संपता संपता उठून गेले. "काकूंना आवडलं नाही" हे त्या संध्याकाळीच ठरलं आणि तिच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं. वेगळा प्रोग्रॅम करून घेण्याआधीची ही गोष्ट. मला काय ऐकू येत होतं ते सांगते. ती निषादावर ठरायची आणि माझ्या कानात निषाद हलायचा, ती नव्हे. यंत्र काढलं तर ती भिंतीपलीकडे जाऊन गायला लागली, शब्द गेले, तानपुरा गेला. परत लावलं तर तबल्याच्या किनारीवरचा प्रत्येक "ना" सुईसारखा टोचायचा, कारण या आजारात हळू ते ऐकूच येत नाही आणि जरा मोठं झालं की सोसत नाही. मुलगी कशी गायली ते मला ठाऊक नाही. दाराशी तिला "छान" म्हणाले, तेही ठाऊक नसतानाच.

मग तेव्हाच का नाही सांगितलंत, असं विचाराल. चष्मा लावला तर कुणी तुमच्यासमोर अक्षरं मोठी काढून दाखवत नाही. कानाचं सांगितलं की लोक तोंड वासून, एकेक शब्द तोडून बोलायला लागतात. आणि खरं सांगायचं तर दुसरंही आहे. राग ओळखायची वेळ आली की तुम्ही सगळे माझ्याकडे बघता. ते बघणं मला हवं होतं. अजून हवं आहे.

तर मी यंत्र काढून ठेवते आणि अठ्ठ्याहत्तरच्या, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड ऐकते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान गायल्या, तेव्हा माइक नव्हता. भोंग्यात तोंड घालून गायचं, त्या आवाजाच्या धक्क्यानेच मेणावर रेघ उमटायची. अडीच हजार हर्ट्झच्या वरचं त्यात फारसं उतरतच नसे. १९२५ नंतर माइक आला, तरी मजल पाच हजारांच्या आसपासच. म्हणजे त्या चकतीचं कुंपण आणि माझं कुंपण जवळपास एकाच ठिकाणी पडतं. आणि तुम्ही जिला हसता ती खरखर बरीचशी त्या कुंपणाच्या पलीकडची. ती मला ऐकूच येत नाही. तुम्ही खरखरीतून गाणं शोधत असता तेव्हा माझ्याकडे नुसतं गाणं असतं.

दुसरं कारण याहून मोठं आहे. किशोरीताई आमोणकरांना मी समोर बसून ऐकलंय. आज त्यांचं स्वच्छ रेकॉर्डिंग लावलं की काय काय गेलंय याची यादीच मनात सुरू होते, गाणं बाजूला राहतं. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, मद्रासजवळच्या एका रेल्वे स्टेशनवर. कबर आपल्या मिरजेच्या दर्ग्यात. १९०५ साली भोंग्यापुढे आणि शेवटच्या वर्षांत माइकपुढे त्यांनी जे ठेवलं तेवढंच आपल्याकडे आहे. समोरासमोर त्यांचा आवाज कसा लागायचा ते तुम्ही ऐकलेलं नाही, मीही नाही. चांगल्या कानांचा तिथे काही उपयोग नाही. जोगिया रागातल्या त्यांच्या कोमल रिषभासमोर आपण सगळे सारखेच बसलेले असतो. एरवी कुठल्याच मैफलीत मी आता तुमच्या बरोबरीने बसत नाही.

केसरबाईंचंही तेच. मैफलीत कुणी रेकॉर्डिंग केलेलं त्यांना खपत नसे, आणि त्यांची भैरवी मात्र १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. तिकडे कुणी "परत जुनंच का?" म्हणायला नाही.

तीन मिनिटंही आता बरी पडतात. कान कमी असला की ऐकायला सगळं अंग लागतं, विलंबित संपेपर्यंत मी दमून जाते. ज्या तीन मिनिटांना मी पाकीट म्हणत होते, त्यात खाँसाहेब काय काय टाकून देतात आणि काय ठेवतात, हे मी पूर्वी नीट ऐकलंच नव्हतं. की आता दुसरं काही परवडत नाही म्हणून हे मोठं वाटतंय? माझी जुनी मी असती तर हेच म्हणाली असती, आणि तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.

भाच्याने मध्यंतरी एक उद्योग केला. हल्लीच्या एका गायकाचं रेकॉर्डिंग घेतलं, कॉम्प्युटरवर अडीच हजारांच्या वरचं सगळं कापलं आणि मूळ व कापलेलं दोन्ही मला ऐकवलं. मला काहीच फरक कळला नाही. त्याचा चेहरा पडला, कारण त्याला ते घोंगडीखालून आल्यासारखं लागत होतं. मग जरा सावरून म्हणाला, "मावशी, म्हणजे तुला नवंही तेवढंच ऐकू येतं जेवढं जुनं. मग नवं का नाही ऐकत?" मुद्दा बिनतोड आहे. मी म्हटलं, भोंग्यापुढे गाणारे आपला आवाज त्या अरुंद पट्ट्यात रोखून फेकायचे, आजचे तसे गात नाहीत, त्यांना गरजच नाही. हे खरंही असेल. पण कान शाबूत होते तेव्हाही मी नव्या मुलांसाठी किती वेळ काढत होते, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मी सांगणार नाही.

त्या मुलीच्या आईला हे वाचायला द्या, हवं तर. यंत्राचं सेटिंग पुढच्या आठवड्यात पुन्हा बदलून घेतेय. ती गाणार असेल तर मला तबल्यापासून लांब, तिच्या डाव्या हाताला बसवा, माझा डावा कान जरा बरा आहे. तोपर्यंत रविवारी जोगियाची रेकॉर्ड आणतेय. खरखरीचं तुमचं तुम्ही बघा.