खुर्च्या

ग्रंथालयात नोकरी करते म्हटलं की सांगलीकडच्या नातेवाइकांना वाटतं, ही दिवसभर पुस्तकं वाचत बसत असणार. मी खुर्च्या मांडते. अलाबामातल्या एका लहान गावाचं सार्वजनिक ग्रंथालय आहे, तिथल्या कार्यक्रमांचं काम माझ्याकडे असतं. सोमवारी पोरांना गोष्टी, बुधवारी आयकराचे फॉर्म भरायला मदत, गुरुवारी विणकाम. प्रत्येकाची मांडणी निराळी. कार्यक्रम कसा होणार हे निम्मं खुर्च्यांवर ठरतं, आणि खुर्च्यांबद्दल कुणी कधी आभार मानत नाही, एवढं पाच वर्षांत शिकले.

१७ जानेवारी २०२३, मंगळवार. आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. अलाबामात त्याच सोमवारी रॉबर्ट ई. ली यांचीही सुट्टी असते. म्हणजे गुलामगिरी राखायला लढलेल्या फौजेचा सेनापती आणि किंग, दोघांना मिळून एकच सुट्टी. मी इथे नवीन होते तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, २०१७ पासून, देशभर ‘रेशियल हीलिंग’चा दिवस पाळतात. कॉर्नफ्लेक्सवाल्या केलॉग यांच्या फाउंडेशननं तो सुरू केला. मराठीत काय म्हणावं? वंशभेदाच्या जखमा भरून याव्यात म्हणून एकत्र बसण्याचा दिवस. कुठे गाणी असतात, कुठे नाटक, कुठे चित्रं. आमच्याकडे ‘स्टोरी सर्कल’ ठरलं होतं, म्हणजे वर्तुळात बसून पाळीपाळीनं आपली गोष्ट सांगायची, आणि सोबत क्विल्टचं छोटं प्रदर्शन.

क्विल्ट म्हणजे आपली वाकळ. घाटावरच्यांना वाकळ, इतरांना गोधडी. माझ्याकडेही एक आहे. लग्नानंतर इकडे येताना आईनं ती बॅगेत कोंबली होती. तेवीस किलोंच्या हिशेबात वाकळ बसेना म्हणून विमानतळावर मी लोणच्याची बरणी काढून आईच्या हातात दिली, त्याचा राग ती अजून काढते. आमच्या मुख्य ग्रंथपाल बाईंना हा किस्सा माहीत होता. ‘तुझीही मांड,’ त्या म्हणाल्या. मी मांडली. प्रत्येक क्विल्टपुढे ठेवायच्या चिठ्ठ्या मीच छापल्या होत्या: कुणी शिवली, कुठे, कधी. माझ्या चिठ्ठीवर मी लिहिलं: पश्चिम महाराष्ट्र, भारत. अंदाजे १९८५. कारागीर अज्ञात.

साडेचारला वर्तुळ चालवणाऱ्या बाई आल्या. शाळेत नाटक शिकवून निवृत्त झालेल्या, कृष्णवर्णीय, आवाज असा की माइकची गरज नाही. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाल्या, “हे कुणाचं लग्न आहे?” मी सवयीनं रांगा लावल्या होत्या. पुन्हा सगळं हलवलं. बारा खुर्च्यांचं वर्तुळ, मध्ये टेबल नाही, कुणाच्या हातात कागद नाही. एक खुर्ची मी दाराजवळ बाहेर ठेवली. तीन-तीन मिनिटांची वेळ मी बघणार होते. त्यांनी ती खुर्ची स्वतः उचलून आत आणली. “घड्याळ बघणारीही आतच बसते. आणि तिचीही पाळी येते.”

ही पद्धत जुन्या नाटकवाल्यांची. १९६३ मध्ये जॉन ओनील आणि त्यांच्या सोबत्यांनी मिसिसिपीतल्या टूगलू कॉलेजात ‘फ्री सदर्न थिएटर’ काढलं. नाटक संपल्यावर प्रेक्षकांशी चर्चा करायचे. चर्चेत जो वाद घालण्यात तरबेज तोच जिंकतो, बाकीचे गप्प राहतात. म्हणून त्यांनी मत मागणं सोडून गोष्ट मागायला सुरुवात केली. नियम थोडेच आहेत. मत सांगायचं नाही, आपल्याबाबत घडलेलं सांगायचं. मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्याच्या गोष्टीला उत्तर द्यायचं नाही. सांगावंसं वाटलं नाही तर ‘पास’ म्हणायचं. आणि आपण काय सांगणार याची जुळवाजुळव न करता समोरच्याचं ऐकायचं. हा शेवटचा नियम मी बसल्या बसल्या मोडला. माझी गोष्ट तयार होती: आजीची लुगडी, त्यांची वाकळ, थंडीतली ऊब. गोड, दीड मिनिटाची, कुणालाही न टोचणारी. गोरे-काळे हे तुमचं भांडण, मी आपली वेळ बघते, असा माझा आतून पवित्रा होता.

पहिल्या दोन गोष्टी मला आता आठवतही नाहीत. तिसरी एका गोऱ्या बाईंची होती, सत्तरीच्या. त्या कॅमडनच्या, अलाबामा नदीच्या काठच्या. लहानपणी रविवारी वडील त्यांना तरीतून, म्हणजे नदीपार नेणाऱ्या बोटीतून, पलीकडे फिरवून आणत. त्या नऊ वर्षांच्या असताना तरीची फेरी बंद झाली. त्या खूप रडल्या, वडिलांनी सायकल घेऊन दिली. “मग मी तरीला विसरले,” त्या म्हणाल्या. “पलीकडे कोण राहतं, त्यांनी आता कसं यायचं, हे मी चाळीस वर्षं विचारलं नाही.”

पलीकडे गीज बेंड आहे. नदीनं तीन बाजूंनी वेढलेली कृष्णवर्णीय वस्ती. पूर्वी तिथे पेटवे नावाच्या मालकाचा मळा होता. तिथल्या बायकांच्या क्विल्ट २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये लागल्या, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. पण १९६२ मध्ये ही माणसं मतदार म्हणून नाव नोंदवायला तरीतून कॅमडनला जाऊ लागली आणि तरीची फेरी बंद झाली. समोर दिसणारं गाव गाठायला साठ-पासष्ट किलोमीटरचा वळसा. ती परत सुरू व्हायला २००६ उजाडलं.

हे मला माहीत होतं, कारण आमच्या प्रदर्शनातल्या दोन क्विल्ट ज्यांनी आणल्या होत्या त्या आजी त्याच काठावरच्या होत्या, आणि त्या वेळी वर्तुळात, कॅमडनच्या बाईंच्या बरोबर समोर बसल्या होत्या. सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे. नियम असा की उत्तर द्यायचं नाही. आजींनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. माझ्या हातातलं घड्याळ वाजलं. त्यांची पाळी आल्यावर त्या म्हणाल्या, “पास.”

मग एक गृहस्थ उठले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उठले म्हणजे खुर्चीमागे जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. ते अलाबामाच्या राजधानीत, मॉन्टगोमेरीत वाढलेले. तिथलं मोठं ग्रंथालय फक्त गोऱ्यांसाठी होतं. १९६२ मध्ये तरुण मुलं आत जाऊन बसली, खटला झाला, ऑगस्टमध्ये न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांना प्रवेश द्या. ग्रंथालय उघडलं तेव्हा आत टेबल-खुर्च्या नव्हत्या. काढून टाकल्या होत्या. पुस्तक घ्या, पण काळा आणि गोरा एका टेबलाशी बसलेला दिसायला नको. “मी सतरा वर्षांचा होतो. नवा शर्ट घालून गेलो होतो,” ते म्हणाले. “जिंकून आलोय असं वाटत होतं. बसायला जागा शोधली. मग उभ्यानं वाचलं. काय वाचलं ते विचाराल तर सांगता येणार नाही, पाय दुखले ते आठवतं.” बोलता बोलता त्यांनी माझ्या खुर्चीला बोटानं टकटक केलं. सहज, लाकूड बघावं तसं.

ते किती वेळ बोलले ठाऊक नाही, कारण मी घड्याळाचं बटण दाबायलाच विसरले होते. त्या दिवसातली माझी एकमेव शहाणपणाची गोष्ट, तीही चुकून झालेली.

नदीवरची तर काढली १९६२ मध्ये, खुर्च्याही १९६२ मध्येच. ‘नाही’ असं कुणी म्हणालंच नाही. वस्तूच उचलून घेतली. हे मनात आलं आणि पाठोपाठ आमचं अंगण आलं.

पुढची पाळी माझी होती. गोड गोष्ट सुरू केली. आजीची लुगडी, शिवणारी बाई, चार दिवस अंगणात चालणारं काम, काठापासून सुरू होऊन आत आत जाणारे टाके. आणि तोंडातून निघून गेलं की त्या बाईला बसायला पोतं टाकायचे. वाकळ तिच्या मांडीवर, ती पोत्यावर. चहा वळचणीला ठेवलेल्या कान तुटलेल्या कपात. वाकळ पुरी झाली की आजी तिच्यावर पाणी शिंपडायची, मगच घरात घ्यायची. आणि आम्ही पोरं रात्री तीच वाकळ अंगावर घ्यायला भांडायचो. ती मांगवाड्यातून यायची. आता तिथे अण्णाभाऊ साठे नगर अशी पाटी आहे. तिला कुणी ‘ओसरीवर येऊ नको’ म्हटलेलं मी ऐकलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, पोतं आधीच टाकलेलं असायचं. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली, साल १८७३, हे मी स्पर्धा परीक्षेसाठी पाठ केलं होतं. एका गुणाचा प्रश्न. आमच्या अंगणाचा आणि त्या प्रश्नाचा काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. हे तिथे नाही सांगितलं, वेळ संपली होती. कुणी काही बोललं नाही. नियमच होता. पण त्या शांततेत हातांचं काय करावं ते मला कळेना.

कार्यक्रम संपला, कॉफी झाली. कॅमडनच्या बाई आणि त्या आजी वाकळांच्या टेबलाशी शेजारी उभ्या होत्या. बोलत नव्हत्या, दोघी एकाच क्विल्टची उलटी बाजू बघत होत्या. मी खुर्च्यांची थप्पी लावायला घेतली. थोड्या वेळानं आजी माझ्याकडे आल्या. हातात माझी चिठ्ठी.

“हनी, हे अज्ञात कोण?”

मी म्हटलं, जी पोत्यावर बसायची तीच. आम्ही तिला वाकळवाली म्हणायचो.

“माझं आडनाव पेटवे,” त्या म्हणाल्या. “ते मालकाचं. पण पुढचं नाव माझ्या आईनं ठेवलं. मी पुढचं नाव विचारतेय.”

माझ्याकडे नव्हतं.

रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, फोन लावला. कमीत कमी आठवडाभर शोधाशोध होईल, काकूला विचारावं लागेल, असं धरून चालले होते. आईनं भाजी निवडता निवडता एका दमात नाव सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, मुली किती, कुठे दिल्या.

“तुला माहीत होतं?”

“न माहीत असायला काय झालं? तू कधी विचारलंस?” मग जरा थांबून, “तिची नात आता बँकेत कॅशला असते. परवा पेन्शन काढायला गेले तर म्हणाली, काकू, उभ्या का, बसा की.”

“मग?”

“मग काय, बसले.” आणि पुढे बराच वेळ आई काही बोलली नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. तिच्या नातीला विचारलेलं नाही, विचारायचं कसं हेही अजून जमलेलं नाही. पण बुधवारी सकाळी ग्रंथालय उघडल्यावर आधी चिठ्ठी नवी छापली. वर देवनागरीत, खाली इंग्रजी अक्षरांत. मुख्य ग्रंथपाल बाईंनी वाचून पाहिलं, त्यांची जीभ ‘ळ’पाशी अडखळली. त्यांनी मला परत म्हणून दाखवायला सांगितलं. मी दोनदा म्हटलं. मग आयकराच्या खुर्च्या मांडायला घेतल्या.