सोलांची पेटी
लेक आठवीत आहे, फोंड्याला. इन्स्पायर मानक या शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठीच्या सरकारी योजनेला तिने आयडिया पाठवलेली, भिरंडांची सोलं, म्हणजे कोकमाच्या साली, उन्हावर वाळवायचा सोलर ड्रायर, आणि निवड होऊन १०,००० रुपये थेट तिच्या खात्यात आले तेव्हा आजीने पासबुक दोनदा बघितलं. लाकडी पेटी, आतून काळा रंग, वर काच, खाली-वर भोकं, म्हणजे गरम हवा ओल घेऊन वरून जाते आणि खालून नवी आत येते. आधी वरची भोकं लहान पडली, काचेला आतून पाणीच पाणी, सोलांना बुरशी. मग तिनेच ती मोठी केली आणि रोज सकाळ-संध्याकाळ वजन करून वहीत लिहायला लागली. मला खरं तर पेटीपेक्षा ती वहीच जास्त आवडते. आता दुसरी पेटी चाललीय, पाऊस सुरू व्हायच्या आत पुरी व्हायला हवी.