मेब्रिकची डायरी आणि मृत्युपत्र: अक्षर जुळवण्याचा तिसरा महिना

जेम्स मेब्रिकची म्हणून सांगितली जाणारी डायरी खरंच त्याच्या हातची आहे का, हे मी त्याच्या मृत्युपत्राशी अक्षर जुळवून पाहतोय. मागच्या नोंदीतले अक्षरांच्या तिरपेपणाचे सगळे आकडे मी खोडले आहेत. कुणी ते उतरवून घेतले असतील तर कृपया वापरू नका. डायरीच्या पानांचे फोटो मी तिच्या छापील प्रतीचं पुस्तक उघडं ठेवून मोबाइलने काढले होते. शिवणीजवळ पान वळतं आणि पानाबरोबर अक्षरंही वळतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. "अक्षराचा कल ओळीगणिक बदलतो" असं मी ठासून लिहिलं होतं, पण त्यातला बराचसा बदल बांधणीमुळे आलेला होता. आता सगळी पानं सपाट स्कॅन करून पुन्हा पहिल्यापासून मोजतोय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जेम्स मेब्रिक हा लिव्हरपूलचा कापसाचा दलाल. तो ११ मे १८८९ रोजी वारला. त्याला आर्सेनिक देऊन मारल्याचा आरोप बायकोवर, म्हणजे फ्लॉरेन्सवर आला. तिला फाशीची शिक्षा झाली, पुढे ती जन्मठेपेवर आली आणि १९०४ साली ती सुटली. नंतर १९९२ मध्ये मायकल बॅरेट या गृहस्थाने एक जुनी वही पुढे आणली. सुरुवातीची पानं कापून काढलेली, पुढे ६३ पानं मजकूर, शेवटी ३ मे १८८९ ही तारीख आणि खाली सही 'जॅक द रिपर', म्हणजे १८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करणारा, कधीच न सापडलेला खुनी. मेब्रिकचं नाव त्या सहीत नाही, पण घरचे सगळे तपशील त्याच्याकडेच बोट दाखवतात. एका माणसाच्या नावावर पाच खून चढवायचे तर त्याचं अक्षर निदान आपण नीट बघायला हवं, म्हणून हा खटाटोप.

जुळवायला नमुने दोनच हाताशी आहेत. एक २५ एप्रिल १८८९ चं मृत्युपत्र आणि दुसरी २७ जुलै १८८१ ची, लंडनच्या सेंट जेम्स चर्चमधल्या लग्नाच्या वेळची सही. सही मी बाजूला ठेवली. सही हा हाताला बसलेला एकच आकार असतो, तिच्यावरून पानभर मजकूर तोलता येत नाही. मजकुराशी मजकूरच लावायचा. मग उरतं मृत्युपत्र, आणि ते डायरीशेजारी ठेवलं की पहिल्या नजरेलाच दोन वेगळे हात दिसतात. डायरीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की मृत्युपत्र औपचारिक असतं, डायरी खासगी, शिवाय माणूस आजारी होता. पण त्याचं शेवटचं दुखणं सुरू झालं २७ एप्रिलला, विरलच्या घोड्यांच्या शर्यतींच्या दिवशी. मृत्युपत्राची तारीख त्याच्या दोन दिवस आधीची आहे.

तरी आजाराचा मुद्दा मला तपासायचाच होता, म्हणून बाबांच्या जुन्या चेकबुकांची अर्धुकं आणि हिशेबाच्या वह्या काढल्या. शेवटच्या वर्षी त्यांचा हात थरथरायचा. ओळ खाली घसरलेली, अक्षर दुप्पट मोठं झालेलं, 'ळ'ची गाठ तर सुटूनच गेलेली. पण 'क'चा उजवा कान ते आधीही दांडीला न टेकवता काढायचे आणि अखेरपर्यंत तसाच काढत राहिले. आकार, कल, दाब हे सगळं बदलतं. कुठे हात उचलायचा आणि कुठे जोडायचा, ही सवय मात्र टिकते. डायरी आणि मृत्युपत्र यांच्यात मी आता नेमकं हेच शोधतोय.

या महिन्यात सगळ्यात जास्त शिकवलं ते टाकाने. टोकदार निब आणि दौत आणून रोज अर्धा तास इंग्रजी कॉपरप्लेटचा, म्हणजे टोकदार निबने काढायच्या जुन्या वळणदार अक्षराचा, कित्ता गिरवतोय. खाली येणाऱ्या रेघेवर दाब दिला की निबचे दोन पाय फाकतात. दहापट भिंगाखाली त्या रेघेच्या दोन्ही कडा गडद दिसतात आणि मध्ये फिकट पट्टा राहतो. एका बुडवणीत माझे पाच ते आठ शब्द होतात, शेवटचे फिकट पडतात आणि पुन्हा एकदम काळं उमटतं. छापील प्रतीत हे काही दिसत नाही, छपाईचे ठिपके सगळं गिळतात. पण व्हिक्टोरियन शाळेत घोटलेलं वळण नुसत्या आकारातूनही ओळखू येऊ लागलंय. जुन्या हस्तलिखितांचे अमेरिकन जाणकार केनेथ रेंडेल यांनी १९९३ मध्येच म्हटलं होतं की डायरीचं वळण व्हिक्टोरियन नाही, विसाव्या शतकातलं आहे. कित्ता गिरवल्यापासून मला त्यांचं म्हणणं पटतं.

आणि एक दुवा, ज्याने मी दोन दिवस भारावून गेलो होतो. फ्लॉरेन्सला शिक्षा सुनावणारे न्यायमूर्ती जेम्स फिट्झजेम्स स्टीफन म्हणजे आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कर्ते! त्याचं कलम ४७ उघडून बघा. हस्ताक्षर ओळखणारा कोण मानायचा, याचं तिथे उदाहरण दिलंय: पत्र लंडनच्या एका व्यापाऱ्याचं आहे का, हा प्रश्न. कलकत्त्याचा व्यापारी, त्याची पत्रं फायलीला लावणारा कारकून आणि त्याचा दलाल, या तिघांचंही मत ग्राह्य. त्या माणसाला लिहिताना यांपैकी कुणी पाहिलेलं नसलं तरी.

लंडनच्या पोलिसांनीही ऑक्टोबर १८८८ मध्ये हाच विचार केला होता. 'जॅक द रिपर' या सहीने आलेलं लाल शाईतलं 'डिअर बॉस' पत्र आणि पाठोपाठ आलेलं कार्ड यांची प्रतिकृती छापून त्यांनी भिंतीवर लावली: अक्षर ओळखत असाल तर जवळच्या चौकीत कळवा. मेब्रिकची पत्रं रोज हाताळणारे कारकून तेव्हा लिव्हरपूलमध्ये होते. त्यांच्यापुढे ही वही ठेवली असती तर एका मिनिटात निकाल लागला असता. ती बाहेर आली त्यांच्या नंतर, १९९२ मध्ये.

पुढच्या महिन्यात फक्त तीन इंग्रजी अक्षरजोड्या घेणार: 'टीएच' (th), 'ओएफ' (of) आणि जोड 'एस' (ss). प्रत्येकीचे दोन्हीकडून तीस-तीस नमुने, जिथे हात उचललाय तिथे लाल ठिपका. मृत्युपत्र छोटं आहे, त्यात तीस भरतीलच असं नाही. भरले नाहीत तर त्या जोडीवर मी काही बोलणार नाही.