खालच्या मजल्यावर केक का पोचत नव्हता

मागच्या नोंदीत राउटरचं हार्डवेअर ऑफलोडिंग (पाकिटं थेट चिपकडून पुढे ढकलायची सोय) बंद करून केक लावला होता. केक म्हणजे लाइन तुंबू न देता तिचा वेग सगळ्यांत वाटून देणारी राउटरातली व्यवस्था. १०० एमबीपीएसच्या लाइनवर डाउनलोड-अपलोड दोन्हीला ९० ची मर्यादा घातली आणि लाइन भरलेली असतानाचा पिंग (पाकीट जाऊन परत यायचा वेळ) तीनशे मिलिसेकंदांवरून वीसच्या आत आणला. एमटी७६२१ चिपवाला जुना राउटरही एवढ्या कामाने हाशहुश करत नव्हता. वरच्या मजल्यावर त्यानंतर कुणाची तक्रार नाही. खालच्या मजल्यावर वरून आलेल्या केबलला जोडलेला दुसरा राउटर आहे. तिथे मात्र काकूंचा संध्याकाळचा ऑनलाइन संस्कृत वर्ग सुरू झाला की चित्र गोठायचं. "अरे, तुमचं वर छान चालतं, आमच्याकडेच कसं अडतं?" हे ऐकून ऐकून माझाच बफर भरत आला होता.

गंमत म्हणजे मोजायला गेलं की सगळं ठीक दिसायचं. खालच्या डेस्कटॉपवरून पिंग, ठीक. खालच्या राउटरपर्यंत पिंग, ठीक. वायफायचा संशय नको म्हणून केबलने जोडून पाहिलं, तरी संध्याकाळी तेच. टीसी या आज्ञेच्या आकडेवारीत केक जादा पाकिटं गाळताना दिसत होता, म्हणजे शेपिंगही (वेगाला लगाम घालणं) चालू होतं. "नॅट ड्युअल-डीएसटीहोस्ट इनग्रेस" आणि पलीकडे "नॅट ड्युअल-एसआरसीहोस्ट" हे यंत्रागणिक वाटणीचे दोन्ही पर्याय आधीच घातलेले होते. (नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेर एकाच पत्त्याने दाखवायची राउटरची युक्ती.) "नॅट" हा शब्द राहिला तर केकला घरातली सगळी यंत्रं वॅनच्या, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूच्या, एकाच पत्त्यावर दिसतात आणि यंत्रनिहाय वाटणी होतच नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तेही तपासून झालं होतं.

शेवटी पिंगचा नाद सोडला आणि वाटणीच मोजली. वर एक संगणक, खाली तीन, चौघांवर एकाच वेळी मोठी फाइल उतरवायला लावली. यंत्रागणिक वाटणी असती तर प्रत्येकाला साधारण साडेबावीस एमबीपीएस मिळायला हवे होते. वरच्याला मिळाले पंचेचाळीसच्या आसपास आणि खालच्या तिघांना पंधरा-पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस! केक आपलं काम चोख करत होता, फक्त त्याच्या लेखी खाली तीन संगणक नव्हतेच, एकच होता. वरच्या राउटरच्या लुसी या सेटिंगच्या पानावर कनेक्शनांची यादी उघडली तर खालून येणारं प्रत्येक कनेक्शन १९२.१६८.१.२० वरून. तो खालच्या राउटरच्या वॅन पोर्टचा पत्ता. म्हणजे डबल नॅट, एकामागे एक दोनदा. खालचा राउटर आधीच नॅट करून सगळ्यांना एका पत्त्यात गुंडाळतो, तेव्हा वरच्या केकने कितीही डोळे ताणले तरी त्याला आत कोण कोण आहे ते कळणार कसं?

काकूंचं कोडंही यातूनच सुटलं. पुतण्याचा डाउनलोड मॅनेजर तीस-चाळीस कनेक्शनं उघडतो. केक यंत्राच्या वाट्यात पुन्हा कनेक्शनांप्रमाणे वाटणी करतो. वर काही जोरात चालू असेल तर खालच्या अख्ख्या मजल्याला पंचेचाळीस मिळणार, त्याचे चाळीस तुकडे होणार आणि काकूंच्या व्हिडिओ कॉलला एक-दीड एमबीपीएस उरणार. चित्र गोठणारच. माझ्या चाचण्या दुपारच्या, तेव्हा पुतण्या कॉलेजात, म्हणून सगळं ठीक!

पहिला विचार खालच्या राउटरवरही ओपनडब्ल्यूआरटी (राउटरची मुक्त प्रणाली) टाकून केक लावावा असा होता. पण तो ४/३२ चा डबा, म्हणजे ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम. जोडणी देणाऱ्याच्या माणसाने पूर्वी बसवलेला, त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटीची नवी आवृत्ती चढतच नाही. नवीन राउटर घ्यायचं जवळजवळ नक्की केलं होतं. मग वाटलं, खाली राउटर हवाच कशाला? स्विच आणि वायफाय एवढंच तर काम आहे. ते तो डबाही करेल.

त्याच्या मूळ फर्मवेअरमध्ये एपी मोड (नुसतं वायफाय आणि स्विच म्हणून चालायची सोय) नाही, म्हणून जुनाच मार्ग. वरचा राउटर १९२.१६८.१.१ वर, म्हणून खालच्याला १९२.१६८.१.२ दिला, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणं) बंद केलं आणि वरून येणारी केबल निळ्या वॅन पोर्टातून काढून पिवळ्या लॅन पोर्टात घातली. क्रम महत्त्वाचा. आधी केबल बदलली तर दोन डीएचसीपी एकमेकांवर धावून जातात आणि निम्म्या घराला भलतेच पत्ते मिळतात. निळ्या पोर्टावर इन्सुलेशन टेप लावून टाकली आहे, नाहीतर पुढच्या भेटीत कुणी तंत्रज्ञ "केबल चुकीच्या जागी आहे" म्हणून ती परत "दुरुस्त" करून जाईल.

पुन्हा तीच चौघांची चाचणी. बावीस, तेवीस, बावीस, बावीस. हे आकडे बघत मी चहा गार होऊ दिला.

काकांच्या टॅलीच्या संगणकावरून छपाई मात्र थांबली, कारण प्रिंटरला कुणीतरी १९२.१६८.०.५० हा पत्ता हाताने घालून ठेवला होता. (१९२.१६८.० वरून आठवलं, विंडोज ९८ सेकंड एडिशनचं इंटरनेट कनेक्शन शेअरिंग यजमान संगणकाला नेमका १९२.१६८.०.१ घ्यायला लावायचं. याच घरात डायलअपवर दोन संगणक चालवले आहेत आम्ही, आणि यजमान बंद झाला की दुसराही बंद.) पत्ता डीएचसीपीवर टाकून वरच्या राउटरात राखून ठेवला. बोनस असा की आता वरूनही खालच्या प्रिंटरवर छापता येतं. घरच्यांच्या लेखी या सगळ्या खटाटोपाचं फळ एवढंच आहे, तेही चालेल.

इथे नोंद संपवणार होतो, पण लिहिता लिहिता पुन्हा एक चाचणी लावली आणि पुतण्याच्या लॅपटॉपला जवळजवळ दुप्पट मिळताना दिसलं. कारण आता नॅटची भिंत गेल्यामुळे खालच्या यंत्रांना आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे इंटरनेट पत्ते, जुने ते आयपीव्ही४) मिळू लागलंय. केक यंत्र ओळखतो ते पत्त्यावरून, त्यामुळे एकाच वेळी आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ वापरणारा लॅपटॉप त्याच्या लेखी दोन गिऱ्हाइकं. आयपीव्ही६ बंद करा हा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही. आमचं आयपीव्ही४ सीजीनॅटच्या, म्हणजे जोडणी देणाऱ्याने अनेक घरांवर मिळून केलेल्या नॅटच्या, मागे आहे, वॅनचा पत्ता १००.६४ ने सुरू होतो, म्हणजे घरच्या फाइल सर्व्हरवर बाहेरून थेट यायला आयपीव्ही६ हीच एक वाट आहे. काकूंचा वर्ग सध्या सुरळीत चालतोय, तोवर पुतण्याला दोन वाटे मिळू देत. ही वाटणी मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) करायचं कुणी जमवलं असेल तर मला जरूर कळवा.

आता उरली केबल. वरून खाली येणारा दुवा १०० एमबीपीएसवरच जुळतो, सर्व्हरवरून फोटो कॉपी करताना सेकंदाला अकरा एमबीच्या पुढे जात नाही. जॅक उघडला तर निळी आणि तपकिरी जोडी जॅकमध्ये नाहीच, जुन्या वायरमनने ती इंटरकॉमला वापरली आहे! १०० ला नारिंगी आणि हिरवी पुरते, गिगाबिटला चारही जोड्या लागतात. वर हे वायरचं भेंडोळं तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचं, दोनदा वाकवलं की तुटतं. राउटरसाठी बाजूला काढलेले पैसे आता पुण्याच्या तापकीर गल्लीत शुद्ध तांब्याच्या कॅट ६ केबलवर जाणार. दुकानदार "कॉपरच आहे" म्हणाला तरी कापलेलं टोक ब्लेडने खरवडून बघायचं, आतून चंदेरी निघालं की पुढचं दुकान. केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं हत्यारही नवीन घेतो, स्वस्तातलं आठवी पिन नीट दाबतच नाही. आणि इंटरकॉमसाठी वेगळी वायर ओढावी लागेल, ते काकांना अजून सांगितलेलं नाही.